मंडळीची उपासना खरी केव्हा म्हणावी? नाशिकरोडच्या एका तरुणाच्या प्रश्नाला उत्तर

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुम्ही लिहिता की, लहानपणापासून आईबरोबर ज्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, जाता तिथे छापील क्रमाप्रमाणे उपासना वाचली जाते, ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकातली गीते पेटीवर संथ लयीत म्हटली जातात आणि तुमचे निम्मे लक्ष घड्याळाकडे असते. अंबडच्या कारखान्यातल्या एका मित्राने तुम्हाला एका नव्या संगतीत नेले; तिथे भाड्याच्या हॉलमध्ये ड्रम आणि की-बोर्ड वाजतो, गीतांचे शब्द पडद्यावर येतात, लोक हात उंचावून रडतात, आणि पहिल्याच रविवारी तुम्हीही रडलात. चौथ्या-पाचव्या रविवारी मात्र तिथेही काही जाणवले नाही, आणि आता दोन्हीकडे आपण ढोंग करत आहोत असे तुम्हाला वाटते. खरी उपासना कुठली, मंडळी बदलावी का, आणि आईची समजूत कशी घालावी, असे तीन प्रश्न तुम्ही एका दमात विचारले आहेत.

मी सत्तावीस वर्षे पाळक म्हणून सेवा केली, त्यातली निम्म्याहून अधिक नाशिक शहरात आणि दिंडोरी-निफाडकडच्या लहान मंडळ्यांत, आणि आता निवृत्त होऊन मागच्या बाकावर बसतो. माझे सारे आयुष्य छापील क्रमाच्या उपासनेत गेले असल्यामुळे माझा कल तिकडे आहे, हे आधीच सांगितलेले बरे. पण मागच्या बाकावरून त्याच उपासनेतल्या ज्या गोष्टी दिसतात त्या वेदीजवळ उभे असताना मला दिसल्या नव्हत्या, हेही खरे.

माझ्या मते तुमची अडचण पेटी आणि ड्रम यांच्यातली नाही. ज्या रविवारी डोळ्यांत पाणी आले ती उपासना खरी आणि ज्या रविवारी आले नाही ती खोटी, असे माप तुम्ही नकळत हातात धरले आहे, आणि ते माप दोन्ही ठिकाणी तुम्हाला दगा देत आहे. हे माप तुमच्या एकट्याचे आहे. मंडळीत मात्र तुम्ही एकटे नसता, आणि सगळा गुंता तिथेच आहे.

बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात, चौथ्या अध्यायात, येशूला विहिरीवर भेटलेल्या शोमरोनी स्त्रीने जवळपास तुमचाच प्रश्न विचारला होता: आमच्या डोंगरावर उपासना करावी की यरुशलेमेत? त्यावर येशूने दिलेले उत्तर आपण सगळे पाठ म्हणतो, की खरे उपासक आत्म्याने व खरेपणाने उपासना करतील. ‘खरेपणाने’ म्हणजे ‘मनापासून’ असा अर्थ आपण घेतो, आणि मग मन भरून आले नाही की आपण खोटे ठरतो. पण मूळ ग्रीक शब्द सत्यासाठीचा आहे, आणि ते संभाषण कुठल्या क्रमाने पुढे जाते ते पाहण्यासारखे आहे. डोंगराचा प्रश्न निघण्याआधीच तिच्या पाच नवऱ्यांची आणि सध्याच्या माणसाची गोष्ट उघड झालेली आहे. तिच्याविषयीचे सत्य बोलले गेले, तरीही तिला विहिरीवरून हाकलले गेले नाही, आणि त्यानंतर उपासनेचा विषय निघाला. आपल्या उपासनेच्या क्रमात पापांगीकार, म्हणजे आपली पापे कबूल करणे, आरंभालाच ठेवलेला असतो, तो याच समजुतीने ठेवला आहे असे मला वाटते.

यात मी स्वतः किती वर्षे चूक केली ते सांगतो. ‘आपण शांतपणे आपली पापे आठवू या’ असे म्हटल्यावर क्रमात थोडा वेळ थांबायचे असते. मी तीन-चार सेकंद थांबून पुढे वाचायला लागत असे, कारण शांततेत पंख्याचा खडखडाट ऐकू येई आणि लोक खाकरत. एका रविवारी चष्मा मागच्या खोलीत राहिला, पुढचे वाक्य दिसेना, आणि मुलाने तो आणून देईपर्यंत मिनिटभर तरी मंडळी तशीच उभी राहिली. मला घाम फुटला होता. उपासनेनंतर साखर कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ दाराशी थांबले आणि म्हणाले, “पाळकसाहेब, आज वेळ पुरला.” एवढेच. ते काय आठवत होते ते मी विचारले नाही. पण इतक्या वर्षांत त्या ओळीपाशी आपण या माणसाला दर आठवड्याला घाईने पुढे ढकलले, हे त्या दिवशी मला कळले. छापील उपासना खोटी होते ती अशी. शब्द छापलेले असतात म्हणून नव्हे, तर ते शब्द जे करायला सांगतात ते करायला आपण वाव देत नाही म्हणून. तुमच्या नव्या संगतीतही हेच होऊ शकते. दोन गीतांमध्ये की-बोर्ड क्षणभरही थांबत नसेल, तर माणसाला स्वतःचे खरे आठवायला जागा कुठे राहते?

आता मंडळीविषयी. आपल्या भाषेत हा शब्द फार सुंदर आहे. ‘घरची मंडळी’ म्हटले की त्यात रुसलेला काकाही येतो आणि पाळण्यातले मूलही येते. आपण निवडून घेतलेले त्यांच्यात कोणी नसते. ‘उपासना’ या शब्दाची फोडही जवळ बसणे अशीच आहे. देवाजवळ बसायचे, पण बाकावर शेजारी जो आहे त्याच्यासह.

करिंथ या प्राचीन ग्रीक शहरातल्या मंडळीत ड्रमही नव्हता आणि छापील पुस्तकही नव्हते. उत्साह मात्र भरपूर होता. तरीही प्रेषित पौल तिला लिहिलेल्या पहिल्या पत्रात तिच्यावर रागावला, आणि कशासाठी ते पाहा. अकराव्या अध्यायात त्याची तक्रार अशी की, प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस वाटून घेण्याच्या विधीला, काहींचे पोट भरते आणि काही उपाशीच राहतात. चौदाव्या अध्यायात तो म्हणतो की, इतरांना न समजणाऱ्या भाषेत तू कितीही उत्तम उपकारस्तुती केलीस, तरी ज्याला ती कळत नाही तो तिला ‘आमेन’ कसे म्हणणार? न समजणाऱ्या भाषेतल्या दहा हजार शब्दांपेक्षा समजणारे पाच शब्द त्याला बरे वाटतात. म्हणजे शेजाऱ्याच्या तोंडी ‘आमेन’ येते का, ही पौलाची कसोटी आहे. सेवेच्या काळात जर एकच कसोटी मी मनापासून वापरली असेल, तर ती हीच. एखाद्याची उत्स्फूर्त प्रार्थना पंधरा मिनिटे चालते, तिच्यात सातव्या मिनिटाला मंडळी हरवते, आणि शेवटी ‘आमेन’ म्हटले जाते ते प्रार्थना संपल्याच्या सुटकेने. छापील प्रार्थनेतही तेच होते, कारण ‘आमेन’ कुठे म्हणायचे ते पाठ असल्यामुळे मधले ऐकावे लागत नाही. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेविषयीच्या दस्तऐवजात लोकांच्या पूर्ण, जाणीवपूर्वक आणि सक्रिय सहभागावर भर दिला आणि लोकभाषेला वाट मोकळी केली. त्यानंतर कॅथलिकांची उपासना, म्हणजे मिस्सा, लॅटिनऐवजी मराठीत होऊ लागली, तीही याच गरजेतून. आम्ही प्रॉटेस्टंट मराठीत आधीपासून होतो, पण आपल्याला कळते आहे ना, याची चौकशी आम्हीही फारशी केली नाही.

सुमारे १५५ साली रोममध्ये जस्टिन नावाच्या विद्वानाने सम्राटासाठी ख्रिस्ती लोकांच्या रविवारच्या एकत्र येण्याचे वर्णन लिहिले. शहरातले आणि खेड्यातले लोक एकत्र जमतात, वेळ असेल तोवर प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वाचले जातात, अध्यक्ष बोध करतो, सगळे उभे राहून प्रार्थना करतात, भाकर आणि द्राक्षारस आणला जातो, लोक ‘आमेन’ म्हणतात, आणि जे येऊ शकले नाहीत त्यांचा वाटा सेवकांकरवी घरी पोहोचवला जातो. ज्यांना ऐपत आहे ते देतात, आणि ते अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परदेशी यांच्यासाठी ठेवले जाते. त्या जमावात कोणाला काय वाटले याविषयी जस्टिन तिथे काही सांगत नाही. जे आले नाहीत त्यांच्या वाट्याची मात्र आठवण ठेवतो. आपण शरणपूर रोडवरून रोज जातो. ते शरणपूर चर्च मिशनरी सोसायटीने एकोणिसाव्या शतकात वसवले. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलामांच्या जहाजांतून सोडवलेल्या मुलांना तिथे आसरा मिळाला, आणि तिथे शिकलेल्यांपैकी जेकब वेनराइट १८७४ साली आफ्रिकेचे प्रवासी आणि मिशनरी डॉ. लिव्हिंग्स्टन यांच्या शवाबरोबर इंग्लंडपर्यंत गेला. नाव शरणपूर. उपासनेत कोणाला जागा आहे, या प्रश्नाचे उत्तर आपल्या शहराच्या एका रस्त्यावर लिहिलेले आहे.

उलट बाजूही सांगितली पाहिजे, कारण तीही मी केलेली आहे. आमच्या क्रमात प्रभुभोजनाआधी शांतीचे अभिवादन असते. ‘प्रभूची शांती तुम्हांबरोबर असो’ म्हणून लोक एकमेकांचा हात हातात घेतात. एका मंडळीत दोन सख्खे भाऊ वडिलांच्या घरावरून बोलेनासे झाले होते, पण बाक घराण्याचा म्हणून बसत एकाच बाकावर. अभिवादनाची वेळ आली की थोरला पुढच्या रांगेतल्या पाच-सहा जणांशी हात मिळवी, आणि नेमका त्याच वेळी धाकटा खाली वाकून बुटाची नाडी बांधी. दर रविवारी त्याच बुटाची नाडी. मला वेदीपासून ते स्पष्ट दिसत असे आणि मी तीन वर्षे काही बोललो नाही, कारण दोघेही अर्पणात सढळ होते आणि छपराचे काम निघाले होते. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात वेदीपुढे दान ठेवून आधी भावाशी समेट करायला जा, असे सांगितले आहे, आणि त्यावर याच काळात मी दोनदा प्रवचनही दिले. शेवटी मी दोघांच्या घरी स्वतंत्रपणे गेलो. थोरल्याने चहा दिला आणि विषय काढू दिला नाही. धाकटा काही महिने उपासनेलाच आला नाही. माझी बदली झाली तेव्हाही प्रकरण अर्धवटच होते. पण त्या तीन वर्षांतल्या गाण्यांनी सुरेख आणि वेळेत संपणाऱ्या उपासना मला आज आठवत नाहीत, ती नाडी आठवते.

अर्पणाचेही तसेच. निफाडकडे हंगामाच्या उपकारस्तुतीला लोक शेतातले काही ना काही आणतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. एका वर्षी एका आजीने आणलेल्या मेथीच्या जुडीवर दोन प्रतिष्ठितांची चुरस लागली आणि जुडी ९०० रुपयांना गेली. टाळ्या झाल्या. आजीने मला हळूच विचारले, “आता मेथी देवाची, की साहेबांची?” मी हसून वेळ मारून नेली. आमोसाच्या पाचव्या अध्यायात देव सणांचा आणि गीतांच्या गोंगाटाचा वीट आल्याचे सांगतो आणि न्याय पाण्यासारखा वाहू द्या म्हणतो. याकोबाच्या पत्रात सोन्याची अंगठी घालून आलेल्याला चांगली जागा देण्याविषयी सुनावले आहे. ही वचने वाचताना आता मला मेथी आठवते.

आतापर्यंतचे थोडक्यात: आपल्याविषयीचे खरे देवापुढे आणायला त्या उपासनेत जागा आहे का, जे चालले आहे त्याला साध्यातल्या साध्या माणसाला समजून ‘आमेन’ म्हणता येते का, आणि जे दुबळे, रुसलेले किंवा गैरहजर आहेत त्यांची आठवण ठेवली जाते का, एवढे मी पाहतो. अश्रू येतात की नाही हे पाहत नाही.

आता ढोंगाविषयी, कारण तुम्हाला तेच जास्त टोचते आहे. जे आपण नाही ते असल्याचे दाखवणे म्हणजे ढोंग. मन कोरडे असताना मंडळीबरोबर स्तोत्र म्हणणे हे ढोंग नव्हे. तेव्हा आपण शेजाऱ्याचे शब्द उसने घेतो, आणि पुढे कधीतरी त्याला आपले देतो. एका बाईंचे यजमान गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारी त्या आल्या होत्या. गीत सुरू झाले तेव्हा त्यांनी पुस्तक उघडून धरले होते, ते उलटे होते, आणि ओठ मिटलेले. शेजारी माझी पत्नी होती. तिने पुस्तक सरळ केले नाही, फक्त जरा मोठ्याने गायली. त्या बाईंची उपासना त्या दिवशी तिच्या आवाजात झाली असे मी मानतो. स्तोत्रसंहितेतले ८८वे स्तोत्र अंधारातच संपते, शेवटी आशेची एकही ओळ नाही, आणि तरीही ते मंडळीच्या पुस्तकात आहे. तेव्हा कोरड्या रविवारी तुम्ही बाहेरचे ठरत नाही. एक मात्र पाहा: हे कोरडेपण उपासनेपुरतेच आहे, की झोप, भूक, काम, मित्र या सगळ्यांतच उतरले आहे? तसे असेल तर आधी डॉक्टरांना भेटा, त्यात अविश्वास नाही.

संगीताचा मुद्दा मी मुद्दाम शेवटी ठेवला. जे तुम्हाला जुने वाटते ते एके काळी नवे होते. मराठी मंडळ्यांत पूर्वी इंग्रजी गीतांची भाषांतरे इंग्रजी चालींवर म्हटली जात. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंगाचा आणि कीर्तनाचा बाज उपासनेत आणला, आणि आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाईंशी त्यांचा संसार झाला. पेटी तर युरोपातूनच आली. त्यामुळे कुठले वाद्य पवित्र, या वादात मी पडत नाही. पण इतकी वर्षे मंडळीला गाताना ऐकल्यावर एक व्यवहारी कसोटी हाती लागली आहे: गाताना शेजारच्या माणसाचा आवाज तुम्हाला ऐकू येतो का? स्पीकर इतका मोठा असेल की स्वतःचाही आवाज ऐकू येत नाही, तर मंडळी श्रोते झाली. आणि पेटीवाला इतका रेंगाळत असेल, किंवा पट्टी इतकी चढी असेल की बायका-पुरुष अर्ध्या ओळीवर श्वास घेऊन गप्प होतात, तर तिथेही गाणारा पेटीवाला एकटाच.

मंडळी बदलावी का, हे मी येथून सांगू शकत नाही. ते परिस्थितीवर अवलंबून आहे. नवी संगत बरे होण्याच्या आश्वासनावर पैसे मागत असेल, औषधे बंद करायला सांगत असेल, किंवा पुढाऱ्याला प्रश्न विचारलेले चालत नसेल, तर तिथून आजच निघा. तसे काही नसेल तर तीही मंडळीच आहे. तुमच्या जुन्या मंडळीत निवडणुका आणि मिळकतीची भांडणे वेदीपर्यंत आली असतील, तर तुमचा कंटाळा रास्त आहे, पण तो पेटीच्या माथी मारू नका. तुमच्या कामाच्या पाळ्या, भाषा, तिथे तुम्हाला नावाने ओळखणारे कोणी आहे का, यालाही वजन आहे. माझी सूचना अशी की, तीन महिने एकाच ठिकाणी जावे, उशिरा न जाता आणि आधी न निघता, आणि त्या काळात त्या मंडळीतल्या एका आजारी माणसाच्या घरी चार वेळा तरी जावे. दोन ठिकाणी अर्धे अर्धे राहून कुठलीच मंडळी तुमची होणार नाही. मी तुमच्या जागी असतो तर आधी जुन्या ठिकाणी हे करून पाहिले असते, पण माझा कल मी सुरुवातीलाच सांगितला आहे.

आईला समजावण्याची घाई करू नका. त्यांना बहुधा ड्रमचा राग नसून बाकावरची शेजारची जागा रिकामी दिसते याचे दुःख आहे. कोणत्या गीताला त्यांचे मन भरून येते आणि का, हे त्यांना एकदा विचारा. तुमचा प्रश्न वाचून वाटते की हे तुम्ही कधी विचारलेले नाही. तुम्ही गिटार वाजवता असे शेवटच्या ओळीत लिहिले आहे. बहुतेक मंडळ्यांत शनिवारी संध्याकाळी गीतांचा सराव असतो आणि त्याला तीन-चार माणसे असतात. त्या सरावाला जा, पहिल्या खेपेला गिटार घरी ठेवा, पेटीवाल्या काकांच्या शेजारी बसा आणि आईने सांगितलेले गीत त्यांच्याबरोबर पुस्तकाशिवाय म्हणून पाहा. लय फार रेंगाळते असे वाटले तर तिथे सांगा, रविवारी नको. आणि पट्टी अर्ध्या स्वराने खाली घ्यायला काका तयार झाले, तर मागच्या बाकावरची आम्ही म्हातारी माणसेही गाऊ लागू.